रक्तदात्याला ‘नाही’ का म्हणतात?

कोल्हापूरहून गारगोटी रस्त्याने निघाले की कळंबा लागते. गावाची ओळख दोन गोष्टींनी. एक तलाव, ज्याचे पाणी कोल्हापूर शहराने कित्येक पिढ्या प्यायले. आणि दुसरे मध्यवर्ती कारागृह. इथल्या एका शाळेत रक्तदान शिबिर होते आणि ‘रक्ताविषयी मुलांशी चार शब्द बोला’ असे बोलावणे आम्हांला होते. आम्ही पोहोचलो तेव्हा सभागृहात खाटा मांडून झाल्या होत्या आणि दाराशी नावनोंदणीला रांग लागली होती.

तासाभरात आमच्या लक्षात आले की, रक्त देऊन बिस्किटे खात बसलेल्यांइतकीच तोंड पाडून परत निघालेल्यांची संख्याही बरी होती. गणिताच्या बाईंचे हिमोग्लोबिन कमी भरले. व्यायामशाळेत जाणाऱ्या एका तरुणाने चार महिन्यांपूर्वी दंडावर गोंदवून घेतले होते. एका सरांना उपवास होता. शाळेच्या शिपाईमामांना सहा महिन्यांपूर्वी विषमज्वर झाला होता. मामा आम्हांला म्हणाले, “साहेब, आम्ही काय आजारी दिसतोय होय? द्यायला आलोय, घ्यायला न्हवं.”

त्यांचे म्हणणे ऐकून बारावीच्या एका मुलाने विचारले, “सर, जेलमधल्यांचं रक्त घेतच नाहीत म्हणं, खरं काय? ती पण माणसंच की.”

भाषणासाठी आम्ही करून आणलेली टिपणे त्या दिवशी बाजूलाच राहिली. रक्ताचा तुटवडा आहे असे एकीकडे सांगायचे आणि दुसरीकडे हात पुढे करणाऱ्याला परत पाठवायचे, हे कोड्यात टाकणारे आहे खरे. ते कोडे आपण पायरीपायरीने सोडवू.

अटी दोन प्रकारच्या

रक्तदात्यासाठीच्या अटींची यादी लांबलचक आहे. भारतात ती औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत दिलेली आहे आणि राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेने २०१७ मध्ये तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वेही दिली. २०२० मध्ये नियमांत सुधारणा झाली. तेव्हापासून कागदोपत्री ‘रक्तपेढी’ला ‘रक्तकेंद्र’ म्हणतात. यादी पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक अटीपुढे एकच प्रश्न विचारायचा: ही अट कोणाच्या रक्षणासाठी आहे?

काही अटी देणाऱ्याच्या रक्षणासाठी आहेत. वय १८ ते ६५. पहिल्यांदाच देणारा असेल तर ६० पर्यंत. वजन निदान ४५ किलो. हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात निदान १२.५ ग्रॅम. नाडी व रक्तदाब ठरलेल्या मर्यादेत. गेल्या चार तासांत काही खाल्लेले असावे. दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर.

वजनाची अट कुठून आली? प्रौढ माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ६५ ते ७० मिलिलिटर रक्त असते. त्यांतले किलोमागे ८ मिलिलिटरपर्यंत काढले तर शरीर ते सहज सोसते. आता ४५ ला ८ ने गुणा. उत्तर येते ३६०. रक्ताची नेहमीची पिशवी असते ३५० मिलिलिटरची! ४५० मिलिलिटरची पिशवी भरायची असेल, तर दात्याचे वजन ५५ किलोपेक्षा जास्त लागते. उपवासाचेही तसेच. उपाशी पोटी रक्त दिले तर भोवळ येण्याची शक्यता वाढते. त्या सरांना कोणी अपात्र ठरवले नव्हते, आधी खाऊन या एवढेच सांगितले होते. त्यांनी उपवास मोडला नाही, हा त्यांचा प्रश्न!

दुसऱ्या प्रकारच्या अटी घेणाऱ्याच्या, म्हणजे रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत. हिवताप होऊन बरा झाल्यावर तीन महिने थांबायचे. विषमज्वरानंतर एक वर्ष. गोंदवून घेतल्यावर एक वर्ष. ब किंवा क प्रकारची कावीळ झाली असेल तर कायमचे थांबायचे. गोंदणाच्या सुईतून ब आणि क कावीळ व एचआयव्ही यांचे विषाणू शरीरात जाऊ शकतात, म्हणून ती अट. विषमज्वराचे जंतू आजारात रक्तात फिरत असतात आणि रक्तकेंद्रातल्या नेहमीच्या चाचण्यांत या रोगाची चाचणी नसते, म्हणून पुरेसा काळ जाऊ द्यायचा. मामा आजारी दिसत नव्हते आणि नव्हतेही. पण ज्याला ते रक्त द्यायचे, तो मात्र नक्की आजारी असतो. थॅलॅसीमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते, म्हणजे दहा वर्षांचे होईपर्यंत शंभरावर अनोळखी माणसांचे रक्त त्याच्या शरीरात गेलेले असते. तुमच्याआमच्यासाठी नगण्य असलेला धोका त्या मुलाच्या बाबतीत शंभर वेळा मोजला जातो.

मोरचुदाचा थेंब

गणिताच्या बाईंना कसे नाकारले ते पाहण्यासारखे आहे. तंत्रज्ञाने त्यांच्या बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब घेतला आणि निळ्या द्रावणात सोडला. थेंब क्षणभर खाली गेला, मग वर येऊन तरंगत राहिला. झाली चाचणी!

ते निळे द्रावण म्हणजे मोरचूद, तांब्याचे सल्फेट. त्याचे विशिष्ट गुरुत्व बरोबर १.०५३ ठेवलेले असते. रक्ताची घनता मुख्यतः त्यातल्या तांबड्या पेशींवर, म्हणजेच हिमोग्लोबिनवर ठरते. हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा जास्त असेल तर थेंब द्रावणापेक्षा जड ठरतो आणि १५ सेकंदांच्या आत बुडतो. कमी असेल तर तरंगतो. थेंब द्रावणात विरघळून का जात नाही? तांबे आणि रक्तातली प्रथिने यांचा संयोग होऊन थेंबाभोवती पातळ पापुद्रा तयार होतो, तो थेंबाला तेवढा वेळ धरून ठेवतो. आर्किमिडीजचा सिद्धांत आपण आठवी-नववीत शिकवतो. तो इथे एका थेंबात दिसतो. आता अनेक ठिकाणी हिमोग्लोबिन मोजणारी छोटी यंत्रे वापरतात, पण मोरचुदाची चाचणी स्वस्त आणि भरवशाची असल्याने टिकून आहे.

आता थोडा हिशेब करू. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या माणसाने ३५० मिलिलिटर रक्त दिले तर सुमारे ४४ ग्रॅम हिमोग्लोबिन गेले. त्यातले लोह झाले सुमारे १५० मिलिग्रॅम. रक्तातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी काही आठवड्यांत तयार होतात. पण लोह? अन्नातून शरीर एरवी दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम लोह शोषते. गरज वाढली की दीड ते दोन. १५० ला या आकड्यांनी भागा. उत्तर ७५ ते १०० दिवस. ९० दिवसांची अट कशाला हे वेगळे सांगायला नको. मासिक पाळीत स्त्रियांचे लोह दर महिन्याला जात असते, म्हणून त्यांना १२० दिवस.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. शिबिरांतून परत जाणाऱ्यांत स्त्रिया जास्त का असतात याचे उत्तर या आकड्यात आहे. त्या बाईंना आम्ही म्हणालो, “बाई, तुमचे रक्त वाईट म्हणून नाकारलेले नाही. ते तुम्हांलाच कमी पडते आहे, म्हणून नाकारले.” हिमोग्लोबिन १२ च्या वर असेल तर तो स्त्रीच्या बाबतीत रक्तक्षयही नव्हे, फक्त दुसऱ्याला देण्याइतके ते नाही. पण १० किंवा ११ भरले, तर घरी जाऊन गप्प बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. रक्तदानाच्या रांगेत अनेकींना आपल्या रक्तक्षयाचा पत्ता पहिल्यांदा लागतो.

पिशवीची परीक्षा

दात्याची परीक्षा झाली, रक्त घेतले. पुढे परीक्षा असते ती पिशवीची.

आधी रक्तगट. तोही दोन बाजूंनी तपासतात: तांबड्या पेशींवर कोणते प्रतिजन आहेत ते, आणि रक्तद्रवात कोणती प्रतिपिंडे आहेत तेही. एका बाजूने कळत असताना दुसरी कशाला? याचे उत्तम उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. १९५२ मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की ज्याच्या पेशींवर ‘ए’ नाही, ‘बी’ नाही, म्हणजे ते ‘ओ’ वाटावे. पण त्याचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होता! ‘ओ’ गटाच्या पेशींवरही असणारा ‘एच’ नावाचा मूळ प्रतिजनच या लोकांत नसतो आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात असतात. हाच जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा तो असतो. एकाच बाजूने तपासणी केली, तर असा माणूस ‘ओ’ ठरेल आणि त्याला ‘ओ’ रक्त दिले तर जिवावर बेतेल.

मग रोगांच्या पाच सक्तीच्या चाचण्या: एचआयव्ही, ब कावीळ, क कावीळ, उपदंश आणि हिवताप. ही यादी एकाच वेळी तयार झालेली नाही. भारतात एचआयव्हीची बाधा प्रथम आढळली १९८६ मध्ये, रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली १९८९ मध्ये. क कावीळीची चाचणी तर या शतकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली. त्या विषाणूचा शोधच मुळी १९८९ मधला. यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्या रोगाचे नावही ठाऊक नाही, त्याची चाचणी करता येत नाही.

गवाक्ष काळ

इथे हुशार विद्यार्थी विचारतो, आणि त्याने विचारलेच पाहिजे: “प्रत्येक पिशवी तपासताच ना? मग गोंदण, सुया, खासगी आयुष्य असले प्रश्न विचारून माणसाला अवघडून का टाकता?”

आज सायंकाळी एखाद्याच्या शरीरात एचआयव्ही शिरला असे समजा. उद्या सकाळी त्याचे रक्त तपासले तर चाचणी काय म्हणेल? ‘दोष नाही.’ कारण नेहमीची चाचणी विषाणूला शोधतच नाही. विषाणूविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडे शोधते. ती सापडण्याइतकी तयार व्हायला एचआयव्हीच्या बाबतीत सुमारे तीन आठवडे लागतात, क कावीळीच्या बाबतीत सुमारे दोन महिने. बाधा झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतच्या या काळाला गवाक्ष काळ म्हणतात. या काळात माणूस ठणठणीत असतो, चाचणी निर्दोष असते, पण रक्त मात्र रोग देऊ शकते.

विषाणूच्या जनुकीय द्रव्याचाच शोध घेणारी ‘नॅट’ ही चाचणी हा काळ कमी करते: एचआयव्हीसाठी दहा-अकरा दिवसांवर, क कावीळीसाठी आठवडाभरावर. ती महाग आहे. २०२० च्या नियमांतही ती सक्तीची केली गेली नाही. काही रक्तकेंद्रे ती स्वतःहून करतात. आणि लक्षात घ्या, काळ कमी होतो, शून्य होत नाही.

आता एक कल्पित उदाहरण फळ्यावर मांडू. एका गटात वर्षाला दहा हजारांत एकाला नवी बाधा होते. दुसऱ्या गटात शंभरात एकाला. गवाक्ष काळ २२ दिवसांचा, म्हणजे वर्षाचा सुमारे सतरावा भाग. एखाद्या दिवशी आलेला दाता नेमका या काळात असण्याची शक्यता किती? पहिल्या गटात सुमारे १ लाख ७० हजारांत एक. दुसऱ्या गटात १,७०० त एक. आता महागडे यंत्र आणून गवाक्ष काळ निम्मा, ११ दिवसांचा केला. दुसऱ्या गटातली शक्यता झाली ३,४०० त एक. म्हणजे नव्या यंत्रासह दुसरा गट हा जुन्या चाचणीसह पहिल्या गटापेक्षा अजूनही पन्नास पट धोक्याचा! यंत्राने धोका दुपटीने कमी केला. योग्य प्रश्न विचारून दाता निवडला तर तो शंभर पटींनी कमी झाला. शिवाय एका पिशवीतून तांबड्या पेशी, रक्तद्रव आणि रक्तबिंबिका असे तीन भाग वेगळे करून तीन रुग्णांना देतात, तेव्हा चुकले तर तिघांचे चुकते.

दात्याला देतात ती प्रश्नावली म्हणजे पहिली चाचणी आहे, आणि यंत्राला जे दिसत नाही ते दाखवणारी ती एकच चाचणी आहे. मात्र ती चालते दात्याच्या खरेपणावर.

पैसा मधे आला की

म्हणूनच माणूस खरे कधी सांगतो आणि कधी लपवतो, हा प्रश्नही रक्तशास्त्राचाच होतो. एके काळी आपल्याकडे रक्त विकत मिळे. गरजू, व्यसनी माणसे पुन्हा पुन्हा रक्त देऊन पैसे घेत. ज्याची सायंकाळची भाकरी त्या पैशांवर अवलंबून आहे, तो ‘मला मागच्या वर्षी कावीळ झाली होती’ असे कशाला सांगेल? ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला: प्रत्येक रक्तपेढीला परवाना हवा आणि रक्ताचा धंदा दोन वर्षांत बंद व्हावा. १ जानेवारी १९९८ पासून पैसे देऊन रक्त घेण्यावर बंदी आली. त्याच निकालातून राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा उभ्या राहिल्या.

आमिष पैशाचेच असते असे नाही. शिबिरात दिली जाणारी घड्याळे, पिशव्या, गुण वाढवून देण्याचे आश्वासन किंवा ‘अमुक गावाने इतक्या पिशव्या दिल्या’ ही चुरस, यांनीही माणूस काही गोष्टी लपवायला प्रवृत्त होतो.

कारागृहाचा प्रश्न

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. होय, ते खरे आहे. दाता सुदृढ असावा आणि तो ‘कारागृहातील बंदी’ नसावा, असे नियमावलीत आणि २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट लिहिलेले आहे. कळंब्याच्या कारागृहात बनलेले लाडू अंबाबाईच्या भाविकांनी प्रसाद म्हणून हातावर घेतले आहेत. मग तिथल्या माणसाचे रक्त का नको?

गुन्हेगाराचे रक्त गुन्हेगारी असते असा समज काहींच्या मनात असतो. तो साफ चुकीचा. स्वभाव रक्तातून जात नाही. कारणे दोन आहेत आणि दोन्ही आपण वर पाहिलेलीच आहेत.

पहिले कारण आकड्यांचे. कारागृहांत गर्दी असते, वस्तरे आणि सुया सामायिक होण्याचा धोका असतो, व्यसनी माणसांचे प्रमाणही बाहेरपेक्षा जास्त असते. बंद्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या कितीतरी पट आहे, असे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या सर्वेक्षणांत दिसले आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातला दुसरा गट.

दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. रक्तदान स्वेच्छेने व्हावे लागते. कुलपाआड असलेल्या माणसाची स्वेच्छा म्हणजे काय? अधिकाऱ्यांची मर्जी, शिक्षेत सूट मिळण्याची आशा, नाही म्हटले तर काय होईल याची भीती. ‘हो’ म्हणताना यांतले काहीतरी मनात असणारच. आणि जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथे खरे उत्तरही देता येत नाही. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात तुरुंगातल्या कैद्यांचा रक्तद्रव पैसे देऊन घेण्याचा प्रकार १९९४ पर्यंत चालू होता. त्या रक्तद्रवापासून बनवलेली औषधे कॅनडात पोहोचली आणि तिथल्या हिमोफिलियाच्या रुग्णांना क कावीळ व एचआयव्हीची बाधा झाली. कॅनडाने नेमलेल्या क्रेव्हर आयोगाने दूषित रक्ताच्या या प्रकरणांची चौकशी करून १९९७ मध्ये अहवाल दिला.

आम्ही एवढे सांगितल्यावर तो मुलगा म्हणाला, “पण सर, एखादा बंदी अगदी निरोगी असेल तर?” असेल, बहुसंख्य असतीलच. गटावरून केलेला नियम सरसकट असतो आणि त्यात निर्दोष माणसेही अडकतात, ही त्याची किंमत आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ च्या तत्त्वांनी तृतीयपंथी व्यक्ती आणि समलैंगिक पुरुष यांनाही सरसकट कायमचे वगळले. त्याला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्याच वर्षी ब्रिटनने आणि २०२३ मध्ये अमेरिकेने समलैंगिक पुरुषांविषयीचा गटावरचा नियम सोडून प्रत्येक दात्याला त्याच्या अलीकडच्या वागणुकीविषयी सारखेच प्रश्न विचारण्याची पद्धत स्वीकारली. चाचण्या सुधारल्या, आकडे बदलले की नियमही पुन्हा तपासावे लागतात. ते तपासताना ‘आमचा अपमान झाला’ आणि ‘रुग्णाचा जीव धोक्यात आला’ या दोन्ही तक्रारी खऱ्या धरून आकडे मांडावे लागतात. कारागृहाच्या नियमात मात्र स्वेच्छेचा प्रश्न आहे, तो कुठल्याही यंत्राने सुटणारा नाही.

आमचा स्वतःचा कबुलीजबाब

त्या दिवशी मुलांना न सांगितलेली एक गोष्ट शिक्षकांना चहाच्या वेळी सांगितली, ती इथेही सांगतो. शिकत असताना वसतिगृहातली आमची सारी खोली एका शिबिराला गेली होती. आम्हांला त्याआधी दीड महिना हिवताप येऊन गेला होता. अर्जावर प्रश्न होता. मित्र पुढे सरकत होते, मागे थांबलो तर ‘सुईला घाबरला’ म्हणून वर्षभर चिडवले असते. आम्ही ‘नाही’ वर खूण केली आणि रक्त दिले. प्रमाणपत्र मिळाले, टाळ्याही मिळाल्या.

पुढे विज्ञान शिकताना कळले, की हिवतापाचे परजीवी रक्तात फार थोडे उरले असतील तर काचपट्टीवरच्या तपासणीत सुटू शकतात. ती पिशवी कोणाला दिली गेली, त्याचे पुढे काय झाले, हे आम्हांला कळलेले नाही आणि कळणारही नाही. बहुधा काही झाले नसेल. पण ‘बहुधा’ या शब्दावर ज्याला रक्त घ्यावे लागले, त्याला आम्ही विचारले नव्हते.

शिक्षक काय करू शकतात?

अकरावी-बारावीची मुले वर्षा-दोन वर्षांत अठरा पूर्ण करतील आणि गणेशोत्सवातल्या, जयंतीच्या एखाद्या शिबिरात रांगेला उभी राहतील. त्यांना ‘रक्तदान श्रेष्ठदान’ ही घोषणा पाठ आहे. तिच्या जोडीला चार गोष्टी सांगाव्यात.

पहिली, अर्जावरचा प्रत्येक प्रश्न कोणाच्या तरी जिवाशी जोडलेला आहे. दुसरी, शंका असेल तर डॉक्टरांशी एकांतात बोलावे. रक्त देऊन झाल्यावर काही आठवले तरी रक्तकेंद्राला कळवावे, पिशवी बाजूला काढता येते. त्याची लाज बाळगू नये. तिसरी, ‘फुकटात एचआयव्ही तपासून होईल’ म्हणून रक्तदान कधीही करू नये. त्यासाठी सरकारी रुग्णालयांत समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत, तिथे तपासणी मोफत आणि गुप्त असते. चौथी, परत पाठवलेल्या मित्राला चिडवू नये. बहुतेकांना ‘आज नको’ असे सांगितलेले असते, ‘कधीच नको’ असे नव्हे.

*वर्गात करून पाहा:* मोरचुदाची चाचणी रक्ताशिवाय दाखवता येते. वर्गात कोणाचेही बोट टोचू नये. एक लिटर पाण्यात सुमारे ८० ग्रॅम मीठ विरघळवा. या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व जवळजवळ १.०५३ येते. दोन वाट्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी घ्या. एकीत १० ग्रॅम, दुसरीत २० ग्रॅम साखर विरघळवा आणि दोन्हींत खाण्याचा लाल रंग घाला. मिठाचे द्रावण उभ्या काचेच्या पेल्यात स्थिर होऊ द्या. ड्रॉपरने पृष्ठभागाच्या एक सेंटिमीटर वरून एकेक थेंब सोडा. २० ग्रॅमवाल्याची लाल रेघ तळाकडे जाईल, १० ग्रॅमवाला वरच पसरेल. मग मुलांना विचारा: दोन्ही वाट्या सारख्याच लाल दिसत असताना, नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखता आला असता का?

शिबिर संपता संपता शिपाईमामा पुन्हा भेटले. कॅलेंडर काढून त्यांनी हिशेब केला होता. “अजून सहा महिने, मग येतो,” म्हणाले. त्यांनी विषमज्वराची गोष्ट लपवली असती तर कोणाला कळलेही नसते. त्या दिवशीच्या यादीत त्यांचे नाव दात्यांमध्ये नाही. आमच्या मते ते असायला हवे होते.